तीन वायरींचाच घे

पुण्याच्या तपकीर गल्लीत व्होल्टमीटर मॉड्यूल, म्हणजे व्होल्टेजचा आकडा दाखवणारा छोटा डिस्प्ले, घ्यायला गेलास की दुकानदार विचारेल, "दोन वायरवाला का तीन?" तीनच घे. दोन वायरवाला जे मोजतो त्याच्यावरच चालतो. त्यामुळे बऱ्याच मॉड्यूलांत व्होल्टेज साधारण साडेचारच्या खाली गेलं की डिस्प्ले मंद होतो किंवा बंदच पडतो. 3.7 व्होल्टच्या लिथियम सेलवर त्याचा काय उपयोग?

तीन वायरींत लाल सप्लायची, काळी ग्राउंडची आणि तिसरी, बहुतेक पिवळी किंवा पांढरी, मोजायची. रंगांवर विसंबू नकोस, बोर्डावरची अक्षरं वाच. काळी वायर दोन्हींना सामाईक असते, म्हणून मॉड्यूलचा सप्लाय आणि मोजायचं सर्किट यांचं ग्राउंड एकच हवं. माझ्या पहिल्या पॉवर सप्लायमध्ये ते जोडायचं राहिलं होतं, आकडे नुसते नाचत होते. अख्खी संध्याकाळ मी रेग्युलेटरच बदलत बसलो.

मागे इवलासा प्रीसेट, म्हणजे स्क्रूसारखा फिरवायचा रेझिस्टर, असतो. चांगला मल्टिमीटर शेजारी लावून, बारीक स्क्रू-ड्रायव्हरने अगदी केसभर फिरवत आकडा जुळव. मग नेलपॉलिशचा थेंब लाव, म्हणजे तो हलणार नाही.

बॅटरीवरच्या प्रोजेक्टमध्ये मॉड्यूलला पुश बटण दे, म्हणजे दाबल्यावरच ते लागेल; नाहीतर डिस्प्लेचे एलईडी उगाच करंट खातात. आणि घरच्या 230 व्होल्टला हे मॉड्यूल कधीही लावू नकोस. ते डीसीचं आहे.