तिची चाल कुणाची?

बाय,

तुझी संहिता दोनदा वाचली. एकदा आरामखुर्चीत, एकदा लाल पेन घेऊन. संवादाचा कान तुला आहे, ते शिकवावं लागणार नाही. पण चौथ्या प्रसंगातली म्हापशाची मासळीवाली कमरेवर हात ठेवून येते, शिवी हासडते, लोक हसतात, ती जाते. वाचताना मलाच ओशाळल्यासारखं झालं, कारण ही बाई मी स्वतः केलेली आहे.

मिसरूड फुटेपर्यंत गावच्या जत्रेच्या नाटकांत मी स्त्रीपार्टी होतो. मुरकणं, पदराशी चाळा, मान वेळावणं, सगळं मला एका पुरुषाने शिकवलं आणि त्याला त्याच्या आधीच्याने. घरात आई होती, दोन बहिणी होत्या. त्यांच्याकडे बघावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आई तर कधी मुरकली नाही. भाताच्या पोत्याचं तोंड शिवताना ती दाभण ओठांत धरून आम्हाला दटावायची. ते मी रंगमंचावर कधीच केलं नाही!

सिनेमाही त्याच वाटेने आला. १९१३ साली फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले; १९१७ मध्ये तर एकाच चित्रपटात राम आणि सीता दोन्ही तेच. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई १९१३ सालीच फाळक्यांच्या पुढच्या चित्रपटात आल्या खऱ्या. पण बायका आल्या तरी चाल बराच काळ आम्हा स्त्रीपार्ट्यांचीच राहिली, असं माझं मत. तुला पटलं नाही तर भांड.

गोवेकरणीची तर आणखीच पंचाईत. हिंदी पडद्यावर ती म्हणजे तोकडा फ्रॉक, हातात ग्लास आणि वाक्यागणिक 'मॅन'. २०११ च्या जनगणनेत गोव्यात ख्रिस्ती सुमारे २५ टक्के. त्यांच्यातल्या बायकाही शाळेत शिकवतात, बँकेत कॅशवर बसतात, ग्रामसभेत सरपंचाला घाम फोडतात. उरलेल्या, तुझ्या आईसारख्या, त्या पडद्याला ठाऊकच नाहीत.

अ‍ॅलिसन बेक्डेलच्या १९८५ च्या चित्रपट्टीतली कसोटी तू पत्रात लिहिली होतीस: दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात आणि तेही पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल. तुझी संहिता त्यात पास होते, नायिका आणि मावशी साडीवर बोलतात म्हणून. आता कळलं ना, ती कसोटी किती पुरते? आणि शेवटी नायिकेच्या हातात पिस्तूल दिलंयस, ते काढ. हातात काय द्यायचं हे सुचलं नाही की लेखक पिस्तूल देतो.

म्हापशाच्या मासळी बाजारात सकाळभर बस. गेल्या महिन्यात मी बसलो होतो. एक म्हातारी गिऱ्हाइकाकडे न बघताच बांगड्यांचा भाव सांगत होती. हात ओले, म्हणून नोट करंगळी आणि अनामिकेच्या चिमटीत धरून कमरेच्या पिशवीत टाकत होती. मध्येच शेजारणीला म्हणाली, "बर्फाचे आज तू दी, फाल्यां हांव." शेजारणीने मान हलवली, बस्स. त्या दोघींचा किती वर्षांचा हिशेब असेल, मी घरी येईपर्यंत तोच विचार करत होतो.

चौथा प्रसंग त्या बर्फापासून लिही. आणि लिहून आणशील तेव्हा बांगडेही आण. भाव घासू नकोस, मी एकदा घासून बघितलाय.

तुझा,
काका