लिमिट होल्डेममध्ये आधी बोलण्याची पाळी असताना राण्यांची जोडी कशी खेळावी?

आपला प्रश्न लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकाराबद्दल आहे (प्रत्येकाची दोन पाने झाकलेली, पाच सर्वांची सामाईक): आपण स्मॉल ब्लाइंडवर (छोटी सक्तीची रक्कम लावणाऱ्या जागेवर) होता, बटणावरच्या (फ्लॉपपासून सर्वांत शेवटी बोलणाऱ्या) खेळाडूने रेझ केले, म्हणजे रक्कम वाढवली, राण्यांच्या जोडीवर आपण पुन्हा रेझ केले, त्याने कॉल केला (तेवढेच भरले) आणि बाकीचे बाजूला झाले. फ्लॉपवर, म्हणजे पहिल्या तीन सामाईक पानांत, राजा, सत्ती, तिर्री आली आणि राजाच्या धास्तीने आपण शेवटपर्यंत नुसते चेक-कॉल करत राहिलात, म्हणजे स्वतः काही न लावता त्याने लावले तेवढे भरत राहिलात. माझ्या मते चूक फ्लॉपवरच्या पहिल्या चेकमध्येच झाली.

आम्ही ठाण्यात काही शेजारी रविवारी दुपारी, पैसे न लावता, कॅरमच्या सोंगट्यांना चिप्स मानून हा खेळ खेळतो, आणि आम्हा सर्वांचे पत्त्यांचे शिक्षण मेंढीकोटवर झालेले आहे. त्यात उतारी करणारा अंदाजाने पान टाकतो आणि चौथा तिघांची पाने पाहून टाकतो. ही सवय इतकी मुरलेली असते की आधी बोलण्याची पाळी आली की माणूस दबूनच खेळतो. मीही मोठ्या जोड्या बराच काळ अशाच दबून खेळलो.

लिमिटमध्ये मात्र बेटचा (लावायच्या रकमेचा) आकडा ठरलेला असतो. खेळ 10-20 चा धरू, म्हणजे फ्लॉपपर्यंत 10 आणि टर्न-रिव्हरला (चौथ्या आणि पाचव्या सामाईक पानावर) 20. फ्लॉप येताना पॉटमध्ये (मधे जमलेल्या रकमेत) आपले 30, त्याचे 30 आणि बिग ब्लाइंडचे (मोठी सक्तीची रक्कम लावून बाजूला झालेल्याचे) 10 असे 70 होते. समजा त्याच्याकडे एक्का-दश्शी आहे. उरलेल्या 45 पानांत त्याला तारणारे एक्के तीनच, म्हणजे पुढच्याच पानावर एक्का येण्याची शक्यता 15 मध्ये 1. आपण 10 लावले, तर 80 च्या पॉटसाठी त्याला 10 मोजावे लागतात; 14 ला 1 भाव हवा असताना 8 ला 1 घेणे हा त्याचा तोटा आहे, जरी एक्का लागल्यावर पुढे होणारी वसुली तो थोडा कमी करते. आपण चेक केलेत आणि त्यानेही चेक केले, तर तेच पान त्याला फुकट मिळते. उलट त्याच्याकडे राजा असेल, तर तो स्वतःच बेट करणार आणि आपण कॉल करणार. म्हणजे चेक-कॉलने राजावाल्याची वसुली थांबत नाही, एक्केवाल्याची सोय मात्र होते. ऊठसूट बेट करणारा प्रतिस्पर्धी समोर असेल, तर गोष्ट वेगळी. त्याला चेक करून बोलते करावे.

राजाची भीतीही मोजून पाहावी. आपल्या राण्या आणि हा फ्लॉप वगळता कोणत्याही दोन पानांत राजा असण्याची शक्यता सुमारे साडेबारा टक्के असते. त्याने रेझ केले आहे म्हणून ती वाढते, हे खरे. पण बटणावरून लोक कितीतरी साधारण हातांवरही रेझ करतात. शिवाय राण्यांच्या जोडीला फ्लॉपवर एक्का किंवा राजा सुमारे 41 टक्के वेळा दिसतो आणि गुलामांच्या जोडीला वरचे पान 57 टक्के वेळा दिसते, त्यामुळे दर वेळी हात आखडता घेतला तर जोडीचा उपयोगच उरत नाही.

फ्लॉपवरचे आपले 10 त्याने भरले, मग आपण टर्नवर 20 लावले आणि त्याने 40 केले तर? पॉट 150 होतो. आणखी 20 आता आणि बहुधा 20 रिव्हरला, असे 40 घालून (त्याचे रिव्हरचे 20 धरून) 170 मिळवायचे असतात, म्हणजे पाचांत जेमतेम एकदा जिंकलो तरी हिशोब जुळतो. एरवी कधीच रेझ न करणाऱ्याने टर्नवर केले, तर मी पाने टाकतो. बाकीच्यांना शेवटपर्यंत कॉल करतो. तिघे-चौघे पॉटमध्ये असतील आणि माझ्या बेटवर रेझ होऊन त्यावर तिसऱ्यानेही कॉल केला असेल, तर मात्र हा हिशोब लागू पडत नाही, तिथे राण्या सोडाव्यात.

टर्नला त्याने फक्त कॉल केला आणि रिव्हरला एक्का आला, तर मी चेक करून एक बेट कॉल करतो. दुर्री-चौकीसारखे निरुपद्रवी पान आले, तर पुन्हा 20 लावतो, कारण सत्तीची जोडी घेऊन बसलेला माणूस लिमिटमध्ये एवढ्या पॉटसाठी ते देतोच.