दहा-अकरा वर्षं जुनी ई-क्लास, ५ सिरीज की ए६: डोकेदुखी कुणाची कमी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात १२-१५ लाखांत २०१३ ते २०१५ ची डिझेल मर्सिडीज ई-क्लास, बीएमडब्ल्यू ५ सिरीजची ५२०डी आणि ऑडी ए६ अशा तिन्ही गाड्या मिळतायत, रोजचं फिरणं ३० किलोमीटर, तर घ्यावी कुठली आणि घेतल्यावर काय-काय निघेल?

मी ई २५० सीडीआय घेईन, तीही २०१३ च्या फेसलिफ्टनंतरची. पण गिअरबॉक्सचं तेल बदलल्याचं बिल नसलेली ई-क्लास आणि सगळी बिलं हातात असलेली ५२०डी समोर असेल, तर बीएमडब्ल्यू. या वयात बोधचिन्ह नाही, फाइल विकत घ्यायची असते.

ई २५० मध्ये ओएम६५१ हे २१४३ सीसीचं इंजिन आहे. दणकट आहे, आवाज मात्र ट्रॅक्टरच्या घराण्यातला. थंड इंजिन सुरू करताना पहिले एक-दोन सेकंद टायमिंगची साखळी खडखडली तर तिला ताणून धरणारा टेन्शनर संशयित. ही टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या, गिअरबॉक्सकडच्या बाजूला असते, त्यामुळे टेन्शनरवर भागलं तर ठीक, नाहीतर मजुरी चढते. घाटात, एसी लावूनही तापमानाचा काटा ८० अंशांच्या वर जात नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. लोक याकडे 'थंड चालतेय, बरंय' म्हणून दुर्लक्ष करतात आणि इंजिन वर्षानुवर्षं अर्धवट तापून काजळी धरतं. वॉटर पंपाखाली आणि ऑइल कूलरच्या सीलपाशी ओल आहे का, टॉर्च मारून बघा. इंजिन ऑइल साडेसहा लिटर लागतं, मर्सिडीजची ग्रेड २२९.५१ किंवा २२९.५२. कंपनीचा सर्व्हिसचा पल्ला मोठा असला तरी आपल्या ट्रॅफिकमध्ये १० हजार किलोमीटरवर बदला.

गिअरबॉक्स ७जी-ट्रॉनिक. त्यात दोन प्रकारचं तेल येतं: जुन्यात लाल, २०१० नंतरच्या सुधारित पेटीत निळसर. एकाच्या जागी दुसरं ओतायचं नाही आणि मिसळायचं तर नाहीच. लेव्हल डोळ्यांनी नाही, तेल ४५ अंशांवर असताना लावतात. गॅरेजवाल्याला 'तापमान कशावर बघता?' असं विचारा, उत्तर स्कॅनर आलं नाही तर गाडी परत घेऊन या. पेटीला वायरिंग जिथे जोडतं तिथला गोल प्लग अडॉप्टर त्याच्या रबरी रिंगांमधून पाझरतो. पार्ट किरकोळ आहे, पण तेल कमी होत गेलं तर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला धक्के सुरू होतात आणि मग कुणीतरी तुम्हाला अख्खा वॉल्व्ह बॉडी-कंट्रोल युनिट (पेटीतला गिअर बदलणारा महागडा भाग) विकतो.

५२०डी चालवायला तिघींत सर्वांत मजेदार, यात वाद नाही. तिचा कच्चा दुवा एन४७ इंजिन, म्हणजे १८४ हॉर्सपॉवरवालं. साखळी इथेही मागच्या बाजूलाच, पण हिचे प्लास्टिकचे गाईड झिजतात, साखळी सैल होते, आणि तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात; मग इंजिनच नवं. १५०० ते २००० आरपीएमवर बॉनेटच्या मागच्या टोकाला घासल्यासारखा किंवा खळखळ आवाज येतो का, स्टेथोस्कोप लावून ऐकून घ्या. शंका आली की गाडी सोडा. नंतरचं १९० हॉर्सपॉवरचं बी४७ या बाबतीत बरंच शांत आहे. कुठलं इंजिन ते व्हीआयएन, म्हणजे चॅसी नंबर, टाकून कळतं. ईजीआर कूलरच्या (इंजिनात परत फिरवलेला धूर थंड करणारा भाग) रिकॉलचं काम झालंय का, तेही त्याच व्हीआयएनवर अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. कूलंट आत गळून काजळीशी मिसळलं की आगीचा धोका असतो. ८-स्पीड झेडएफ पेटी उत्तम, पण तिचं तेल 'आयुष्यभरासाठी' आहे यावर विश्वास ठेवू नका. खुद्द झेडएफ ८० हजार ते १.२ लाख किलोमीटरदरम्यान बदला म्हणते. फिल्टर प्लास्टिकच्या ऑइल पॅनमध्येच बसवलेला असतो, त्यामुळे पॅनच नवा लागतो.

ए६ ची २.० टीडीआय, मल्टिट्रॉनिक (सीव्हीटी प्रकारच्या) पेटीची असेल तर मी हात लावणार नाही. २०१५ च्या मॅट्रिक्स (हेडलाइट) फेसलिफ्टची एस-ट्रॉनिक (दुहेरी क्लच) वाली चालेल. हिला साखळी नाही, टायमिंग बेल्ट आहे. बदलल्याचा पुरावा नसेल तर घेतल्या-घेतल्या बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदला. पुढे एका बाजूला चार कंट्रोल आर्म असतात, खड्ड्यांत त्यांची बुशेस जातात. एकेक बदलत बसण्यापेक्षा दोन्ही बाजूंचा सेट टाका, मग अलाइनमेंट.

आता विजेचं, कारण निम्मे 'बिघाड' तिथेच असतात. डॅशबोर्डवर एकदम एबीएस, पॉवर स्टिअरिंग, एअरबॅग असे दिवे लागले की सेन्सर मागवायच्या आधी मल्टिमीटर काढा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट हवेत, १२.२ च्या खाली म्हणजे ती थकली. स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली जाता कामा नये, इंजिन चालू असताना १३.५ ते १४.७. हे ठीक असून बॅटरी उतरत असेल, तर गाडी लॉक करून तासभर थांबा आणि मग बॅटरीतून होणारी विजेची गळती मोजा: ५० मिलिअँपिअरच्या वर असेल तर एकेका फ्यूजवरचा व्होल्टेज ड्रॉप मोजत सर्किट शोधा. फ्यूज उपटत बसलात तर झोपलेले मॉड्यूल (गाडीतले छोटे कंट्रोल संगणक) जागे होतात. बीएमडब्ल्यूत नवी बॅटरी बसवली की ती स्कॅनरने नोंदवावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्याच हिशेबाने चालतं. एजीएम (स्टार्ट-स्टॉप गाड्यांतली खास) बॅटरीच्या जागी साधी बॅटरी लावायचा मोह टाळा.

खरेदीआधी झेंट्री, इस्टा किंवा व्हीसीडीएसने (अनुक्रमे मर्सिडीज, बीएमडब्ल्यू आणि ऑडीचे तपासणी स्कॅनर) पूर्ण स्कॅन करून घ्या आणि एरर कोडसोबत नोंदलेले किलोमीटर बघा. मीटरवर ७२ हजार आणि एखादा जुना कोड १.१ लाखावर नोंदलेला सापडला, की विकणाऱ्याशी बोलायला विषय मिळतो.

ई-क्लास चाकणला आणि ए६ छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जोडलेली आहे म्हणून पार्ट स्वस्त मिळतील असं समजू नका. स्वस्त मिळतात ते लेमफर्डर, साक्स, माहले, मान, बॉश यांच्या डब्यातले. बहुतेकदा कंपनीच्या डब्यातही तोच माल असतो. गाडीच्या किमतीच्या १५-२० टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवूनच सौदा करा.

आणि दिल्लीची स्वस्त डिझेल दाखवत असतील, तर एनओसी हातात पडेपर्यंत टोकन देऊ नका, इथल्या आरटीओत भरावा लागणारा कर आधी विचारा, आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी गाळाची रेघ, म्हणजे गाडी पुरात बुडाल्याची खूण, आहे का बघा.