पुण्याहून दिल्लीला पहिल्यांदाच विमानाने निघालेल्या आईवडिलांच्या हातातल्या बॅगेत काय असावे आणि काय नसावे?

आपण विचारले आहे की आपले आईवडील, दोघेही साठीच्या पुढचे, पहिल्यांदाच आणि तेही सोबतीला कोणी नसताना पुण्याहून दिल्लीला लेकीकडे नातवाच्या बारशासाठी विमानाने निघाले आहेत. तर त्यांनी हातातल्या सामानात काय घ्यावे आणि विमानतळावर त्यांची धांदल उडू नये म्हणून काय करावे. कामानिमित्त याच मार्गावर माझी बरीच वर्षे ये-जा आहे आणि माझ्या आईवडिलांनाही मी असेच एकदा धाडले होते, त्यामुळे नियमांबरोबर थोडा अनुभवही सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे वजनाची फार चिंता करू नका. वजन घरी मोजता येते. माणूस अडकतो तो वस्तूंपाशी. शुभकार्याला निघालेल्या आपल्याकडच्या घरातून जी पिशवी भरली जाते, तिच्यात नेमक्या विमानाला न चालणाऱ्या वस्तू एकत्र जमतात: नारळ, खोबऱ्याच्या वाट्या, कापूर, काडेपेटी आणि वडिलांना पानाची सवय असेल तर चंचीतला अडकित्ता.

माझ्या आईचेच उदाहरण देतो. निघायच्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंनी तिची ओटी भरली आणि तो नारळ तिने कोणाला न सांगता हातातल्या पिशवीत साड्यांच्या मध्ये ठेवला. सुरक्षा तपासणीच्या यंत्रातून पिशवी गेली, पट्टा थांबला, पडद्यावर तो गोल गोळा दिसला आणि जवानाने अगदी अदबीने विचारले, "माताजी, इसमें नारियल है क्या?" तोवर मोठी बॅग काउंटरवर देऊन झाली होती. ओटीचा नारळ टाकून द्यायला आई तयार नव्हती आणि नारळ आत सोडायला जवान तयार नव्हता. माझा भाऊ त्यांना सोडून लगेच निघून न जाता बाहेरच थांबला होता, म्हणून विमानकंपनीच्या एका कर्मचारी मुलीने तो नारळ बाहेर नेऊन त्याच्या हाती दिला. (पुढे त्या नारळाच्या वड्या त्याने एकट्यानेच संपवल्या, हे आई अजून विसरलेली नाही.) यातून आपण एवढे जरूर घ्या की आईवडिलांना सोडायला जो जाईल, त्याने त्यांचा "तपासणी झाली, आत बसलो" असा फोन येईपर्यंत विमानतळ सोडू नये.

नारळाचा नियम थोडा बारकाव्याचा आहे. पाण्याचा नारळ हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इन बॅगेत, म्हणजे काउंटरवर द्यायच्या मोठ्या बॅगेत, चालतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये शबरीमलाच्या भाविकांना इरुमुडीतला, म्हणजे देवाला वाहायच्या वस्तूंच्या गाठोड्यातला, नारळ केबिनमध्ये नेण्याची मुभा २० जानेवारी २०२५ पर्यंत जाहीर झाली होती, यावरूनच एरवी तो नेता येत नाही हे ध्यानात यावे. ओटीच्या नारळासाठी अशी मुभा असल्याचे मी ऐकलेले नाही. सुक्या खोबऱ्याचा गोटा किंवा वाट्या मात्र हातातही नको आणि चेक-इन बॅगेतही नको. पुष्कळांना हे खरे वाटत नाही. पण खोबऱ्यात तेलाचे प्रमाण एवढे असते की ते साठवणीत आपोआप तापू शकते, आणि म्हणून विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याची नोंद स्वतःहून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत आहे. बाळंतविड्यासाठी खोबरे लागणारच असेल, तर ते दिल्लीत विकत घ्यावे. डिंकाच्या लाडवांत किसून, भाजून घातलेल्या खोबऱ्याबद्दल आजवर मला कोणी हटकलेले नाही. लाडू फक्त स्टीलच्या डब्यात भरू नका, कारण जाड धातूमुळे आतले नीट दिसत नाही आणि डबा उघडून दाखवावा लागतो. प्लॅस्टिकच्या पारदर्शक डब्यात, पिशवीत सगळ्यात वर ठेवावेत. कापूर ज्वालाग्राही असल्यामुळे दोन्हीकडे वर्ज्य आहे, काडेपेटी आणि लायटरही तसेच. अडकित्ता, सुरी, कात्री हे सगळे चेक-इन बॅगेत, कागदात गुंडाळून.

मोबाईलची पॉवर बँक याच्या अगदी उलट वागते. ती चेक-इन बॅगेत मुळीच ठेवायची नाही, हातातच ठेवायची, कारण लिथियमच्या बॅटरीने पेट घेतलाच तर केबिनमध्ये तो निदान दिसतो आणि विझवता येतो. सामानाच्या पोटात ते शक्य नसते. मर्यादा १०० वॅट-अवरची (बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचे हे माप) आहे. बाजारात सर्रास मिळणारी २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॅट-अवर भरते, म्हणजे ती चालते. तिच्यावरचा आकडा पुसला गेलेला नाही ना, एवढे पाहून घ्यावे. ती वरच्या कप्प्यात न टाकता जवळ ठेवावी आणि प्रवासात तिच्यावर फोन लावून बसू नये. खरे तर दोन तासांच्या प्रवासाला ती हवीच कशाला, असे माझे मत आहे. घरून फोन पूर्ण चार्ज करून निघाले की पुरते.

पातळ पदार्थांबद्दल लोक फार संभ्रमात असतात. १०० मिलिलिटरचा जो नियम सगळीकडे ऐकू येतो, त्याचे मूळ ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये उघडकीस आलेल्या, द्रव स्फोटके वापरून विमाने उडवण्याच्या कटात आहे, आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात तो काटेकोरपणे पाळला जातो. देशांतर्गत प्रवासात तपासणी करणारा किती ताणून धरेल हे जागेवरच ठरते आणि तिथे त्याचा शब्द अखेरचा असतो. म्हणून साजूक तुपाची बरणी, लोणचे, गोडा मसाला घालून केलेली तेलकट चटणी, काकवी हे सर्व चेक-इन बॅगेत घाला. बरणीच्या तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून मग झाकण लावा, वरून चिकटपट्टी आणि त्यावर दोन पिशव्या. पाण्याची बाटली रिकामी न्यावी आणि तपासणी झाल्यावर आतल्या नळावर भरून घ्यावी.

आता वजन. देशांतर्गत प्रवासात साध्या वर्गाच्या तिकिटावर बहुतेक कंपन्या हातातल्या सामानासाठी ७ किलो आणि चेक-इनसाठी १५ किलो देतात. हातातल्या बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून ११५ सेंटिमीटरच्या आत असावी लागते. तिकीट कोणत्या प्रकारचे आहे त्यावर हे आकडे बदलतात, तेव्हा आपल्या तिकिटावर जे छापलेले असेल तेच खरे धरावे. सुरक्षेच्या नियमानुसार माणशी एकच हातबॅग. त्याखेरीज बाईमाणसाची पर्स किंवा लॅपटॉपची पिशवी चालते. मात्र "एक बॅग, एक पिशवी, एक डबा आणि वर हारांची परडी" असे चालत नाही. चाकांची कडक केबिन बॅग रिकामीच अडीच-तीन किलोची भरते, त्यामुळे ७ किलोतले निम्म्याच्या जवळपास वजन बॅगच खाते. आईवडिलांना त्याऐवजी हलकी कापडी, चेन असलेली बॅग द्या. घरी माणसांचा वजनकाटा असेल तर आधी नुसते उभे राहून आणि मग बॅग घेऊन उभे राहून वजन करावे. फरक तेच बॅगेचे वजन. मी सहा किलोंवर थांबतो, कारण निघताना काहीतरी वाढतेच.

हातातल्या बॅगेत नियमाने असावे ते एवढेच: दोघांची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, चष्मा, ओळखपत्र, तिकिटाची छापील प्रत, एक शाल, थोडे खाणे आणि बाळासाठी घेतलेले चांदीचे वाळे किंवा सोन्याचे काही असेल तर ते, पावतीसह. दागिना चेक-इन बॅगेत कधीही घालू नये. या मौल्यवान वस्तू आणि औषधे बॅगेच्या आत एका वेगळ्या लहान पिशवीत ठेवा. विमान भरलेले असले की वरचे कप्पे भरतात आणि दारातच "ही बॅग खाली सामानात पाठवतो" असे सांगितले जाते. अशा वेळी ती लहान पिशवी आणि पॉवर बँक चटकन काढून घेता आली पाहिजे. सुदैवाने आपल्या आईवडिलांची बॅग कापडी असेल, तर ती समोरच्या आसनाखाली सरकते आणि हा प्रसंगच टळतो.

विमानतळावरचा क्रम त्यांना आधी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. दारात केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतो. तिकिटावरचे नाव आधारवरच्या नावाशी जुळलेले असावे, हे आजच तपासा, कारण आपल्याकडे एका ठिकाणी वडिलांचे नाव मधे असते आणि दुसऱ्या ठिकाणी नसते. मग विमानकंपनीचा काउंटर, तिथे मोठी बॅग द्यायची आणि तिची पावतीची चिठ्ठी सांभाळून ठेवायची. नंतर सुरक्षा तपासणी: मोबाईल, नाणी, किल्ल्या, कमरेचा पट्टा सारे आपापल्या ट्रेमध्ये घालायचे. किती ट्रे ठेवले ते मोजून ठेवावेत. पलीकडे घाईत निम्मे लोक एक तरी ट्रे विसरतात. स्त्रियांची रांग वेगळी असते आणि त्यांची तपासणी पडद्याआड स्त्री कर्मचारी करते. तिथे दोघांची काही वेळ ताटातूट होते, तेव्हा "तपासणीच्या पलीकडे पहिल्या खुर्चीपाशी भेटायचे" असे आधीच ठरलेले असू द्या. कोणाला पेसमेकर असेल तर तपासणीपूर्वीच सांगावे. चेहरा पाहून आत सोडणारी डिजियात्रा ऐच्छिक आहे. पहिल्या प्रवासाला ती नसली तरी काही अडत नाही.

वेळेच्या बाबतीत मी थोडा भित्रा आहे. काउंटर साधारणपणे उड्डाणाच्या ६० मिनिटे आधी आणि गेट २५ मिनिटे आधी बंद होते, आणि तिकिटावरची वेळ विमान हलण्याची असते, गेटवर पोचण्याची नव्हे. रेल्वेच्या सवयीच्या माणसाला हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. लोहगावच्या विमानतळाच्या वाटेवरची वाहतूक पाहता दोन-अडीच तास आधी पोचावे. चालायला त्रास होत असेल तर तिकीट काढतानाच, किंवा निदान ४८ तास आधी, व्हीलचेअरची विनंती नोंदवा. माझ्या वडिलांना तो शब्दच आवडत नव्हता. "तुमच्या सोबतीला एक मुलगा असेल, तो गेटपर्यंत नेईल" असे सांगितल्यावर ते बसले आणि त्या मुलाशी साताऱ्याच्या गप्पा मारत गेले. पुण्याचा विमानतळ हवाई दलाचा आहे, तेव्हा विमानात चढता-उतरताना आणि खिडकीतून छायाचित्रे काढण्याचा मोह आवरायला सांगा.

बहिणीने दिल्लीत कोणत्या टर्मिनलला यायचे हे तिकीट पाहून तिला कळवा. तिथे टर्मिनल १ हे २ आणि ३ पासून काही किलोमीटर दूर आहे, आणि चुकीच्या जागी उभी राहिलेली मुलगी व बाहेर येऊन गोंधळलेले आईवडील हे दृश्य मी पाहिलेले आहे. बारसे डिसेंबर-जानेवारीत असेल तर दिल्लीच्या धुक्यामुळे पहाटेची आणि सकाळची विमाने तासन्‌तास रखडतात. दुपारचे तिकीट घ्यावे.

मोठ्या बॅगेच्या मुठीला जुन्या साडीची रंगीत चिंधी बांधून द्या, म्हणजे पट्ट्यावरून एकसारख्या काळ्या बॅगा येत असताना आपली लांबून ओळखू येते. बॅग आलीच नाही, तर चिठ्ठी दाखवून विमानकंपनीच्या तिथल्याच टेबलावर तक्रार नोंदवावी आणि नोंदीचा क्रमांक लिहून घ्यावा. हे सामानाच्या दालनातून बाहेर पडण्याआधी करायचे असते, कारण एकदा बाहेर पडले की परत आत सोडत नाहीत.