भीतीच्या छायेत जनमत कसे मोजावे?

प्रश्न : बंडाळीच्या प्रदेशात सरकारला लोकांचा पाठिंबा किती, हे कसे मोजतात? (एक वाचक, धरणगाव)

उत्तर : आपल्याच धरणगावी १८२५ मध्ये ब्रिटिश अधिकारी जेम्स औट्रमने भिल्ल पलटण उभी केली, पण भरतीचा आकडा पाठिंबा दाखवतो की पोटाची निकड, हे त्यावरून ठरत नाही. व्हिएतनाममध्ये १९६७ पासून अमेरिकी सल्लागार वाड्यावस्त्यांना सुरक्षिततेनुसार ‘ए’ ते ‘ई’ श्रेणी देत, मात्र त्यांतून लोकांच्या मनापेक्षा गावावरचा ताबाच अधिक मोजला गेला, असे माझे मत आहे. भ्यालेला माणूस थेट प्रश्नाला खरे उत्तर देत नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या एका गटाला तीन साधी विधाने, दुसऱ्याला त्यांसह सरकारविषयीचे चौथे विधान देऊन केवळ ‘किती पटतात?’ एवढेच विचारतात. दोन्ही सरासऱ्यांतील फरक म्हणजे पाठिंब्याचे अंदाजे प्रमाण, आणि सहसा कोणाचेही मत उघडे पडत नाही.