चेर्नी नेमका कोण होता? नुसते बोटांचे व्यायाम लिहिणारा, की स्वतः पियानोही वाजवायचा?

तुमची मुलगी पियानो शिकतेय आणि पुस्तकावर 'चेर्नी' दिसलं की तोंड वाकडं करते, म्हणून तुम्ही हे विचारलंय. मी मुलांना पियानो शिकवते, त्यामुळे हे वाकडं तोंड माझ्या चांगल्या ओळखीचं आहे.

चेर्नी वाजवायचा, आणि फार उत्तम वाजवायचा. कार्ल चेर्नीचा जन्म व्हिएन्नातला, १७९१चा. वडील चेक, तेही पियानोचेच शिक्षक. कार्ल दहाएक वर्षांचा असताना त्याला थोर संगीतकार बीथोव्हनकडे नेलं. पोरानं मोझार्टचा कॉन्चेर्टो (वाद्यवृंदाच्या साथीनं वाजवायची रचना) सुरू केला, तर बीथोव्हन शेजारी बसून डाव्या हातानं साथ करू लागला. लगेच शिष्य म्हणून पत्करलं. आणि सुरुवातीला शिकवलं काय? सगळ्या स्केल्स (स्वरांचे आरोह-अवरोह), हाताची ठेवण, अंगठ्याचा वापर. तुमच्या मुलीला हे जरूर सांगा.

पुढे १८१२ मध्ये बीथोव्हनचा पाचवा कॉन्चेर्टो, 'एम्परर', व्हिएन्नात पहिल्यांदा जाहीरपणे वाजला तेव्हा पियानोवर चेर्नी होता. तरीही मैफली गाजवत फिरणं त्याच्या स्वभावात नव्हतं. लोकांना दिपवणारी अदाकारी आपल्याकडे नाही, असं त्यानं आठवणींत स्वतःच लिहिलंय. त्यानं शिकवणं निवडलं. पंधराव्या वर्षाच्या आसपास सुरुवात केली आणि ऐन भरात दिवसाला दहा-बारा तास शिकवण्या घेतल्या. त्याचे ते ढीगभर व्यायाम यातूनच आले. समोर बसलेल्या मुलाचं बोट जिथे अडतं, तिथे इलाज म्हणून लिहिलेले.

एके दिवशी एक बाप आठ वर्षांच्या अशक्त मुलाला घेऊन आला. मुलगा वाजवताना इतका डोलायचा की स्टुलावरून पडेल असं वाटावं, आणि कुठलं बोट कुठे याचा पत्ता नाही. तो फ्रान्झ लिस्ट, पुढचा विख्यात पियानोवादक. पुढे चेर्नीनं त्याला शिकवलं, त्याचे पैसेही घेतले नाहीत. लिस्टनं ते आयुष्यभर लक्षात ठेवलं. त्याच्या अतिअवघड 'ट्रान्सेंडेंटल एट्यूड्स' (एट्यूड म्हणजे सरावासाठीची रचना) चेर्नीलाच अर्पण केलेल्या आहेत.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते बीथोव्हनचं एक पत्र. त्याचा पुतण्या, त्याचंही नाव कार्लच, चेर्नीकडे शिकत होता. बीथोव्हननं कळवलं, की बोटं, ताल आणि स्वर नीट बसले की मग वाजवण्यातल्या भावनेकडे वळा. पण तेव्हा बारीकसारीक चुकांसाठी मुलाला मध्येच थांबवू नका, तुकडा संपल्यावर सांगा. आजही कितीतरी घरांत दर दोन ओळींना "चुकलं, पुन्हा!" असा आवाज येतो आणि मुलाचं वाजवणं तिथेच मरतं. हे मी पाहत आलेय, म्हणून कळकळीनं सांगते: मध्ये बोलू नका.

चेर्नीचा आणखी एक शिष्य लेशेटिट्स्की, त्याचा शिष्य श्नाबेल, ज्यानं १९३० च्या दशकात बीथोव्हनचे पियानोचे ३२ही सोनाटा (अनेक भागांच्या मोठ्या रचना) सगळ्यांत आधी ध्वनिमुद्रित केले. केवढं हे घराणं! स्वतः चेर्नी १८५७ मध्ये गेला. लग्न केलं नव्हतं.

मुलगी नवखी असेल तर चेर्नीच्या ओपस ५९९ पासून (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) सुरू करा, मग ८४९. ओपस २९९ वेगाचं आहे, त्याची घाई नको. रोज एकच धडा, आधी सावकाश, आणि लगेच तिच्या आवडीची एखादी रचना वाजवू द्या.