नवा आणलेला जिताडा खात नसेल तर

गेल्या पंधरवड्यात आलेल्या प्रश्नांपैकी तीन एकाच माशाबद्दल आहेत, म्हणून एकत्र घेतो. मासा आपला जिताडा. गोव्यात चोणक, बंगालात भेटकी आणि ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी. परसातल्या टाकीत मासे पाळायचे आणि त्याच पाण्यावर भाजी काढायची, म्हणजे अ‍ॅक्वापोनिक्स, हा उद्योग करणाऱ्या तिकडच्या लोकांचा हा आवडता मासा. त्यांचे व्हिडिओ बघून आपल्याकडेही जिताडा टाकीत येऊ लागला आहे. यायला हरकत नाही, तो आपल्याच खाडीचा. पण गावतळ्यात सोडलेला जिताडा आपलं पोट आपण भरतो. टाकीतला तुमच्या हाताकडे बघत बसतो, आणि सुरुवातीला त्या हाताला भितो.

पहिला प्रश्न पोयनाडजवळच्या एका ताईंचा: "घरामागे १००० लिटरची टाकी महिन्याभरापूर्वी बसवली. वरच्या वाफ्यात पालक आणि पुदिना आहे. जिताड्याची ३ ते ४ इंचांची २५ पिल्लं आणली. पाच दिवस झाले, गोळी खाद्याला तोंड लावत नाहीत, काळवंडून कोपऱ्यात बसतात. सकाळ-संध्याकाळ मूठभर खाद्य टाकते, ते तळाशी साचतं. दोन मेली. उपाशी मरतायत का?"

ताई, उपाशी मरत नाहीयेत. एवढं पिल्लू स्वच्छ पाण्यात आठवडाभर न खाता सहज निघतं. त्याच्या काळजीनं टाकलेलं खाद्य कुजतंय, आणि माझ्या मते दोन पिल्लं गेली ती त्यानं. हिशोब करून बघा. जिताड्याच्या खाद्यात साधारण ४५ टक्के प्रथिनं असतात. तशा १०० ग्रॅम खाद्यात ७ ग्रॅमच्या आसपास नत्र (नायट्रोजन) येतं. मासा ते न खाता सगळं तळाशी कुजलं, तर १००० लिटर पाण्यात दर लिटरला ७ मिलिग्रॅम अमोनिया-नत्र तयार होऊ शकतं. १ मिलिग्रॅमलाच माझ्या कपाळावर आठी पडते. दोन वेळची मूठ म्हणजे रोज तेवढं खाद्य सहज होतं, आणि तुम्ही पाच दिवस टाकताय.

तेव्हा आज खाद्य बंद. नळी लावून तळाचा गाळ ओढून काढा. टाकीतलं तिसरा हिस्सा पाणी बदला, उद्या परत तेवढंच. नळाचं पाणी असेल तर पिंपात एक दिवस उघडं ठेवून, हवेचा पंप लावून मगच घाला, त्यातलं क्लोरीन उडायला हवं. विहिरीचं गोडं पाणी सगळ्यात बरं. खारेपाटात, म्हणजे तुमच्या खाडीकाठच्या पट्ट्यात, बोअरला बहुधा खारं पाणी लागतं. ते जिताड्याला चालेल, तुमच्या पालकाला चालणार नाही.

अमोनिया, नायट्राइट (जिवाणू अमोनिया पचवताना मधे तयार होणारं, तेही विषारी) आणि सामू (पीएच) तपासायचं थेंबांचं किट मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं, ते घ्याच. सामू ७ वरून ८ वर गेला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो, त्यामुळे नुसता अमोनिया मोजून भागत नाही. महिन्याभराच्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू अजून पुरते बसलेले नसतात. त्यांना चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेही पाण्यात अमोनियाचा थोडा पुरवठा असेल तर. म्हणजे आधी टाकी पिकवायची, मग मासा आणायचा. आता मासा आलाच आहे, तर पाणी बदलून वेळ मारून न्यायची. नायट्राइट दिसलं तर दर लिटरला १ ग्रॅम खडे मीठ, म्हणजे तुमच्या टाकीला किलोभर, पाण्यात विरघळवून दोन दिवसांत थोडं थोडं घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. एवढं मीठ पालक सोसतो. स्ट्रॉबेरी आणि घेवडा लावणाऱ्यांनी मात्र जपावं.

पाणी ताळ्यावर आलं की ज्याच्याकडून पिल्लं आणलीत त्याला फोन करा. पिल्लं खाडीतली की हॅचरीतली, म्हणजे मत्स्यबीज तयार करणाऱ्या केंद्रातली? हॅचरीची असली तर निघताना पाण्याची क्षारता किती होती? आणि त्यांना कोणतं खाद्य लावलं होतं? आपल्याकडे खाडीतून पिल्लं धरून तळ्यात सोडायची रीत जुनी आहे. अशा पिल्लानं गोळी जन्मात पाहिलेली नसते. त्याच्या लेखी जे हलतं तेच अन्न. हॅचरीची गोष्ट वेगळी. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेनं १९९७ मध्ये जिताड्याचं बंदिस्त प्रजनन साधलं, तेव्हापासून देशात गोळीला लावलेलं बीज मिळू लागलं. गोळीला लागलेलं पिल्लू नव्या टाकीत दोन-चार दिवसांत खातं. खाडीचं असेल तर दोन-तीन आठवड्यांची तयारी ठेवा. हॅचरीवाल्याकडून पिल्लांबरोबर त्याच खाद्याची किलोभर पिशवी मागून आणली असती, तर यातला निम्मा खटाटोप वाचला असता.

क्षारतेचं उत्तर "पंधरा-वीस पीपीटी", म्हणजे लिटरमागे पंधरा-वीस ग्रॅम क्षार, असं आलं आणि तुम्ही पिल्लं थेट गोड्या पाण्यात सोडली असतील, तर ती आठवडाभर सुस्त राहणं स्वाभाविक आहे. जिताडा खाऱ्यातून गोड्यात येतो, त्याचा जन्मच तसा: वीण खाडीच्या तोंडाशी, वाढ नदीत. पण नदीत तो एका तासात पोहोचत नाही. पुढच्या खेपेला वेगळ्या पिंपात दिवसाला चार-पाच पीपीटीनं क्षारता उतरवत न्या.

आता भरवायचं कसं. जिताडा डोळ्यानं शिकार करतो, दबा धरून, खालून वर झेप घेऊन. तळाशी पडलेलं तो सहसा उचलत नाही. म्हणून बुडणारी गोळी टाकून "खाईल रात्री" म्हणणं व्यर्थ. टाकीचा अर्धा भाग हिरव्या शेडनेटनं झाका. त्याला सावली मिळते, आणि त्याची उडीही अडते. उजेड कमी करा, टाकीभोवती मुलांची गर्दी नको. एकदा प्रात्यक्षिकाला आलेल्या पंधरा शेतकऱ्यांना टाकीभोवती उभं करून मी मोठ्या थाटात खाद्य टाकलं होतं. एक पिल्लू वर येईल तर शपथ. मंडळी जेवायला गेली आणि पाठीमागे सगळं फस्त झालं.

पाणी सुधारल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, ओला जवळा किंवा सोललेल्या कोळंबीचे मसुराएवढे तुकडे घ्या. पंपाचं पाणी टाकीत पडतं त्या धारेत एकेक तुकडा सोडा, म्हणजे तो हलत खाली जाईल. पहिल्यानं एखादंच पिल्लू झेपावतं. ते झेपावलं की शेजारचं बघतं, आणि मग चढाओढ लागते. या माशाला चढाओढच खायला शिकवते. म्हणून दोन-तीन पिल्लं आणणाऱ्यांचे हाल जास्त होतात. दहा मिनिटांत जेवढं खाल्लं तेवढं खाल्लं, उरलेलं जाळीनं काढायचं. पहिल्या दिवशी कोणीच आलं नाही तरी काढायचं. सुकवलेला खारा जवळा नको. आणि रोज पाऊण तास टाकीजवळ उभं राहून विनवण्याही नकोत, ठरलेली वेळ धरा आणि निघून या.

दोन दिवस सगळी खाऊ लागली की गोळीकडे वळवा. तरंगतं खाद्य, ४० ते ४५ टक्के प्रथिनांचं, पिल्लाच्या तोंडाच्या निम्म्या आकाराची गोळी. या मापाला २ मिलिमीटरच्या आसपासची लागते. रोहू-कटल्याचं २८ टक्क्यांचं खाद्य स्वस्त मिळतं, त्यावर जिताडा वाढत नाही. कोळंबीची डोकी थोड्या पाण्यात ठेचून गाळा, त्या पाण्यात गोळ्या पाच मिनिटं भिजवा. आधी तीन भाग कोळंबी, एक भाग गोळी. दोन-दोन दिवसांनी कोळंबी कमी, गोळी जास्त. आठ-दहा दिवसांत निव्वळ गोळीवर या. २३ पिल्लं, सरासरी १० ग्रॅमची धरली, तर वजनाच्या पाच टक्के म्हणजे दिवसाला ११-१२ ग्रॅम खाद्य पुरे. म्हणजे साधारण एक मोठा चमचा, तोही दोन-तीन वेळांत वाटून. मूठ विसरा.

कायम तारली-मांदेली कापून घालायचा मोह होईल, स्वस्त पडते म्हणून. तारलीच्या जातीच्या माशांत बी-१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं. महिनोन्महिने तेच घातलं तर मासा दुबळा होतो, पाणीही तेलकट घाण होतं.

आणि पिल्लं गोल गोल भोवंडत, उलटीसुलटी पोहत असतील, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. तो मज्जातंतूंचा विषाणूजन्य रोग असू शकतो, त्यावर औषध नाही. टाकीतलं पाणी, जाळी, बादली दुसऱ्या टाकीला लागू देऊ नका आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा.

दुसरा प्रश्न अलिबागहून: "३० पिल्लं सोडली होती, खातात छान. पण आता १९ दिसतात. मेलेलं एकही सापडलं नाही."

दादा, छान खातात म्हणता, तिथेच उत्तर आहे. जिताडा आपल्या निम्म्याहून अधिक लांबीचा भाऊबंद गिळतो. हाताच्या बोटाएवढ्या वयात ही खोड फार. दर आठ-दहा दिवसांनी पिल्लं काढून लहान-मोठी वेगळी करा. दुसरी टाकी नसेल तर भाजीचा प्लास्टिक क्रेट जाळी लावून त्याच टाकीत अर्धा बुडवा आणि बारकी पिल्लं त्यात ठेवा. उपास घडला की ही खोड वाढते, म्हणून दोन वेळांऐवजी तीन-चार वेळा थोडं थोडं घाला. विकत घेतानाच एका मापाची पिल्लं मागून घ्यायची. "मोठी मोठी निवडून दे" असं सांगून त्यात दोन-चार बारकी घालून आणली, तर ती खाद्य म्हणूनच आणली असं समजा.

तिसरा प्रश्न पुण्याहून, गच्चीवरच्या ५०० लिटरच्या टाकीचा: "दिवाळीपर्यंत मासे हातातून खात होते. डिसेंबर लागला आणि अचानक बंद. पाण्याचे आकडे ठीक आहेत."

पाण्यात थर्मामीटर घातलात का? या माशाला २६ ते ३० अंश मानवतं. २४ च्या खाली तो मंदावतो, २० च्या आसपास खाणं जवळजवळ सोडतो. पुण्याच्या डिसेंबरातली गच्चीवरची टाकी पहाटे तिथवर सहज उतरते. तिथे कोळंबीचं पाणी काही कामाचं नाही. टाकीला थर्माकोल गुंडाळा, रात्री वरून झाका. वाफ्यातून फिरणारं पाणी थंडीत फार लवकर गार होतं, म्हणून रात्री पंपाची फेरी कमी करा. हवेचा पंप मात्र बंद करू नका. खाद्य दुपारी दोनच्या सुमाराला, नेहमीच्या पाव भाग, तेही वर येऊन मागितलं तर. हीटर लावून उघडी टाकी थंडीभर तापवायची म्हटलं, तर विजेचं बिल माशापेक्षा महाग पडेल. मासे थाळीएवढे झाले असतील तर आत्ताच काढून खा. नवी पिल्लं फेब्रुवारीच्या शेवटी सोडा, म्हणजे थंडी परत यायच्या आत आठ-नऊ महिने मिळतील.